तिजोरीतल्या रेडियमच्या सुया

प्रश्न : माझे सासरे सर्जन होते. गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी त्यांनी १९५०च्या दशकात रेडियमच्या सुया आणल्या होत्या. दवाखाना बंद पडला. सुया शिशाच्या डबीत, तिजोरीत तशाच आहेत. तिजोरी भंगारात काढायची आहे. पुतण्या म्हणतो, बाहेरच्या देशांत असल्या रेडियमपासून कॅन्सरचं नवं औषध करतात, चांगले पैसे येतील. सुया विकता येतील का?
— एक वाचक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, तिजोरी भंगारात देऊ नका. उघडूही नका. मी जळगावात कॅन्सरवर किरणांचा उपचार करणाऱ्या कोबाल्ट मशीनवर रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होतो, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्टचं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

सुयांमधलं किरणोत्सारी रेडियम (रेडियम-२२६) निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. तुमच्या सुयांमधलं सत्तर वर्षांत जेमतेम तीन टक्के घटलं असेल. सुईचं आवरण मात्र थकतं. आत रेडियमपासून तयार होणारे रेडॉन आणि हेलियम हे वायू साचून दाब वाढतो आणि सांधा फुटू शकतो. म्हणून त्या खोलीला कुलूप लावा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला आजच लिहा.

औषधाबद्दल पुतण्याचं म्हणणं खरं आहे, आणि मला त्याचं फार समाधान वाटतं. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, रेडियमवर प्रोटॉनचा मारा केला की अॅक्टिनियम-२२५ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिळतं. ते दहा दिवसांत निम्मं होतं आणि त्याचे अल्फा कण कॅन्सरच्या पेशींवर नेमके सोडता येतात. जगभर पुरवठा अपुरा, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२१मध्ये जुनं रेडियम अशा कामासाठी मिळवून देण्याचा उपक्रम सुरू केला. पुरून टाकायचा कचरा तिथे कच्चा माल ठरतो. पण हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. घेणारा परवानाधारक हवा, दोन्ही देशांच्या नियामकांची संमती हवी. परवान्याशिवाय विकणं, देणं, नेणं, सगळंच बेकायदा.

खरी मेख वाहतुकीत आहे. सुई गळकी किंवा तपासणी नसलेली असेल, तर किरणोत्सारी माल नेण्याच्या साध्या, ‘टाइप ए’ प्रकारच्या पेटीतून सुमारे ८० मिलिग्रॅमच रेडियम नेता येतं. तीच सुई स्टेनलेस स्टीलच्या कुपीत घालून वेल्डिंग केलं, गळती तपासली आणि कुपीला ‘स्पेशल फॉर्म’चं, म्हणजे ती सहजी फुटणार-गळणार नाही असं, प्रमाणपत्र मिळालं, की त्याच पेटीची मर्यादा पाच ग्रॅमच्या वर जाते. रेडियम तेच, फुटून पसरण्याची भीती गेली म्हणून मुभा वाढते. हे काम प्रशिक्षित माणसं योग्य साधनांनीच करतात. कुणी हौसेने डबी गाडीच्या डिकीत टाकून कसारा घाट उतरू म्हणेल, तर त्याला दारातच अडवा.

सासऱ्यांच्या जुन्या कागदांत खरेदीची पावती किंवा सुयांची नोंदवही सापडते का बघा. फक्त कागदांचं कपाट तिजोरीच्याच खोलीत असेल तर राहू द्या. सुया किती आणि प्रत्येकीत किती मिलिग्रॅम, हे कळलं तर पत्रासोबत प्रत जोडा. येणाऱ्या माणसांना कुठली पेटी आणायची, ते त्यावरून ठरवता येईल.