३६५ एनएम लिहिलेल्या स्वस्त यूव्ही टॉर्चमध्ये एलईडी खरंच निचियाची आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की निपाणीत ऑनलाइन मागवलेल्या टॉर्चवर "३६५ एनएम, जपानी निचिया" असं छापलंय (निचिया म्हणजे एलईडी बनवणारी जपानी कंपनी), ते खरं की थापा, आणि टॉर्च हवीय शेडमधले विंचू बघायला आणि दुकानात नोटा तपासायला. हे आकडे म्हणजे उजेडाची वेव्हलेंग्थ, नॅनोमीटरमध्ये, आणि ३६५ म्हणून बऱ्याचदा ३९५ चा, जास्त जांभळा उजेड देणारा माल खपवतात. तर ३६५ आहे की ३९५ हे तुम्हाला आज रात्रीच कळेल. निचियाचं मात्र "नाही" हे छातीठोक सांगता येतं, "होय" म्हणणं अवघड आहे.

मी बेळगावात उद्यमबागला कास्टिंगच्या क्वालिटीत आहे. आमच्याकडं क्रॅक शोधायला जॉब मॅग्नेटाइझ करून त्यावर चमकणारी पावडर मिसळलेलं तेल सोडतात, क्रॅक असेल तिथं पावडर जमते आणि यूव्हीखाली हिरवी रेघ उठते. त्याला ३८ सेंमी अंतरावर निदान १००० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंमी यूव्ही लागतो आणि दिसणारा उजेड साधारण २० लक्सच्या आतच पाहिजे, त्यामुळं कुठली टॉर्च नुसता जांभळा उजेड पाडायलीय आणि कुठली खरंच यूव्ही देतेय हे बघणं आमच्या रोजच्या कामातलंच आहे.

पहिलं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या शर्टावर टॉर्च मारून काही ठरवू नका. कागद, साबण पावडर, काही पेंट यांत चमक आणणारं केमिकल असतं, ते ३६५ खाली पण निळं पेटतं आणि ३९५ खाली पण, आणि यूट्यूबवर निम्मे लोक हेच करून "ओरिजिनल आहे" म्हणून सांगायलेत. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, पॉलिश पेपरनं घासून मंद केलेली, चकचकीत नको कारण उलटा झोत डोळ्यात येतो. अंधारात तिच्यावर मारा. ३९५ असेल तर भडक जांभळा ठिपका दिसणार, ३६५ असेल तर फिकट, राखाडी-निळसर असं काहीतरी, टॉर्च चार्ज नाही की काय असं वाटण्याइतकं मरगळलेलं.

पुढं काळी काच असेल तर ती काढूनच हे करा. ती काळसर जांभळी काच झेडडब्ल्यूबी२ नावाची असते, दिसणारा उजेड अडवते आणि यूव्ही सोडते, चांगलीच गोष्ट आहे, पण तीच काच ३९५ च्या एलईडीपुढं बसवली की तिचा जांभळा उजेड पण बराच दबतो आणि माल खरा वाटतो. काही टॉर्चमध्ये तर नुसती रंगीत काच असते. काच बघून फसू नका.

माझी आवडती टेस्ट मात्र सेफ्टी गॉगलची. पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा साधा गॉगल, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो, फक्त त्यावर यूव्ही४०० लिहिलेलं नको, तो ४०० पर्यंतचं सगळंच अडवतो. कागदावर पिवळ्या हायलायटरनं रेघ मारा, टॉर्चनं ती पेटवा आणि टॉर्च आणि रेघेच्या मधे गॉगल धरा. रेघ जवळजवळ विझली तर ३६५, कारण हे प्लास्टिक साधारण ३८० च्या खालचं सगळं गिळतं. रेघ तशीच पेटत राहिली तर तुमची टॉर्च ३९५ च्या घरातली. टॉनिक वॉटर मिळालं तर त्यावरही बघा, त्यातलं क्विनीन ३६५ खाली झकास निळं होतं आणि ३९५ खाली कसंतरीच.

आता आत बघायचं. सेल काढा, पुढची रिंग फिरवून सोडवा, मोबाईलचा मॅक्रो किंवा घड्याळवाल्याचं भिंग लावा. आत काचेच्या मण्यासारखे पाच एमएमचे एलईडी दाटीनं बसवलेले असतील तर ते बहुतेक ३९५ च्या आसपासचेच, नऊ असोत नाहीतर एक्कावन्न. एकच एलईडी असेल आणि तिला दोन पाय आणि वर प्लास्टिकची मोठी भिंगवाटी असेल तर तो बिननावाचा चायना माल. चांगल्या कंपन्या ३६५ ला बहुतेक काचच देतात, कारण एवढ्या यूव्हीत प्लास्टिक पिवळं पडतं. मग निचिया, ल्युमिनस, सोल व्हायोसिस यांच्या साइटवर डेटाशीट फुकट असतं, त्यात पॅकेजची मापं, आतल्या चिपचा आकार, निगेटिव्ह बाजूची खूण सगळं काढलेलं असतं, ते घेऊन व्हर्निअरनं ताडून बघा. माप जुळलं नाही तर निचिया नाही, एवढं नक्की. जुळलं तरी दुसऱ्या कोणी तेच पॅकेज बनवलेलं असू शकतं, म्हणून मी वर म्हटलं की "होय" अवघड. आणि कोणी "एलजीची एलईडी" म्हणून नवा माल विकायला लागला तर लक्षात ठेवा, एलजी इनोटेकनं एलईडीच्या धंद्यातून बाहेर पडायचं २०२० लाच जाहीर केलंय.

बेंच पॉवर सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा ठरवून देणारं मशीन) असलेला दोस्त असेल तर अजून एक. टॉर्चमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट देणारं सर्किट, बाजूला ठेवून थेट एलईडीला करंट लिमिट लावून थोडा करंट द्या आणि व्होल्टेज वाचा. हिशोब सोपा आहे, १२४० ला वेव्हलेंग्थनं भागायचं, ३६५ ला ३.४० येतात आणि ३९५ ला ३.१४. मीटरवर नेमका हाच आकडा येणार नाही, पण माहितीतली ३९५ ची एलईडी शेजारी ठेवून तेवढाच करंट दिला तर साधारण पाव व्होल्टचा फरक दिसायला पाहिजे.

हे सगळं करताना गॉगल डोळ्यावर पाहिजेच, ३६५ दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही आणि माणूस बिनधास्त झोतात बघत बसतो.

आता तुमच्या कामाचं. विंचवाला ३९५ बास आहे, खानापूरकडं रात्री दगड-विटांच्या ढिगात स्वस्त टॉर्चनं पण इंगळी हिरवट-निळी लखलखते, त्यासाठी निचियाचे पैसे देणं म्हणजे उधळपट्टी. नोटेचं वेगळं, नंबरची पट्टी ३९५ मध्येही उठते पण कागदातले बारीक तंतू जांभळ्या उजेडात दबतात, तिथं काचेसकट ३६५ च घ्या. गॉगलच्या टेस्टमध्ये तुमची टॉर्च नापास झाली तर त्याचा न कापलेला व्हिडिओ काढून रिटर्नला जोडा, कारण सांगताना "निचिया नाही" म्हणू नका, "३६५ एनएम नाही" एवढंच लिहा, ते व्हिडिओत दाखवता येतं.