गांडूळ अशिष्ट कसं झालं?

सेलूच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांनी कुंड्यांसाठी ऑनलाइन गांडूळखत मागवलं आणि अभिप्राय लिहिला : "गांडूळखत चांगलं निघालं, वास न्हाई, मायला लई आवडलं. पिशवी तेवढी फाटकी आली." साइटने तो 'आक्षेपार्ह भाषा' म्हणून परत केला. मग बाकी मजकूर तोच ठेवून त्यांनी 'गांडुळांचं खत' असं लिहिलं, तर लगेच झळकला. ते विचारतात, गांडूळ हा शब्द अशिष्ट आहे का? आणि असेल तर अनेकवचन शिष्ट कसं?

माझा पहिला संशय 'मायला'वर गेला होता. मराठवाड्यात मायला म्हणजे आईला, पण दुसरीकडच्या कानांना ती शिवीची सुरुवात वाटू शकते. मात्र दुसऱ्या खेपेस मायला जागेवरच असूनही मजकूर पास झाला. म्हणजे ती सुटली.

गांडूळ शब्दात अशिष्ट काही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात हा शब्द उच्चारला तर कुणी मान वर करून बघणार नाही. संस्कृतात तर या प्राण्याला 'गण्डूपद' असं भारदस्त नाव आहे. अडचण साठवणुकीत आहे. कॉम्प्युटरच्या लेखी हा शब्द म्हणजे ग, काना, अनुस्वार, ड, ऊकार आणि ळ अशी सहा चिन्हं. शेवटचा ळ बोटाने झाका, साइटच्या चाळणीला, म्हणजे शिव्यांच्या यादीशी मजकूर आपोआप ताडून बघणाऱ्या प्रोग्रामला, काय दिसलं ते कळेल.

आता अनेकवचन. मूल-मुलाला, फूल-फुलाचा, तसं गांडूळ-गांडुळाचा : उपान्त्य दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. साइटच्या यादीत शिवी दीर्घ ऊकाराने लिहिलेली असणार, म्हणून 'गांडुळांचं' तिच्याशी जुळलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमाचा एवढा रोकडा फायदा झालेला मी तरी ऐकला नव्हता. गंमत अशी की 'गांडुळखत' असं चुकीचं लिहिणाराही सुटतो. अडकतो तो शुद्ध लिहिणारा.

चाळणी पूर्ण शब्द का बघत नाही, असं कुणी विचारेल. कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. शिवीलाही '-चा', '-ला', '-नो' लागतात, तेव्हा पूर्ण शब्द जुळवायला गेलं तर निम्म्या शिव्या निसटतील. म्हणून शब्दाच्या पोटातला तुकडा शोधतात. त्यात काही प्रोग्रामिंग भाषांची नेहमीची साधनं काना-मात्रेला अक्षरच मानत नाहीत, त्यांच्या मते शब्द मधेच संपतो. हा रोग आपलाच नाही. इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना १९९६ साली अमेरिका ऑनलाइनवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक अपशब्द दडला होता. इंग्रजीत या घोटाळ्याला त्या गावाचंच नाव पडलं आहे.

आपल्याकडचे आणखी उमेदवार बघा. 'व्हरांडा'तला 'व्ह' आणि शेवटचा काना झाका. हिंदी वळणाने लिहिलेल्या 'ब्रांड'ची तीच गत. मराठी 'ब्रँड' मात्र चंद्रामुळे वाचतो. अर्जुनाचं गांडीव धनुष्यसुद्धा एखाद्या कडक यादीपुढे टिकायचं नाही. उलट "विकणाऱ्याचा मुडदा बशिवला, वाटोळं होईल त्याचं" असं लिहा, बहुतेक बिनबोभाट जाईल. आपल्याकडच्या आज्या एकही अपशब्द न वापरता समोरच्याची सात पिढ्यांची उतरंड फोडतात. त्याला यादी काय करणार?

उपायाचं म्हणाल तर 'गां*डूळ' किंवा 'गां.डू.ळ' असलं काही लिहू नका. साधा शब्द त्याने खरोखर शिवीसारखा दिसू लागतो. 'व्हर्मीकंपोस्ट' लिहून सुटता येईल, पिशव्यांवरही ते असतंच. पण यादीच्या धाकाने शब्द बदलणं मला पटत नाही. साइटच्या मदत विभागाला कळवा की हा शब्द अपवादांत घाला. सोबत गांडूळशेती आणि गांडूळपाणी हेही द्या, नाहीतर पुढच्या खरेदीला तेच अडतील.