बिलात नेव्हिगेशन आहे, ऑपरेशन नोटमध्ये नाही

प्रश्न : आईच्या खुब्याचं दुसऱ्यांदा प्रत्यारोपण झालं. कॉम्प्युटर नेव्हिगेशनने (हाडावरच्या खुणा नोंदवून ऑपरेशनमध्ये कोन दाखवणारं यंत्र) वाटी, म्हणजे कृत्रिम सांध्याचा खोलगट भाग, अचूक बसेल, असं सांगून हॉस्पिटलने त्याचे वेगळे पैसे घेतले. दोन महिन्यांत सांधा दोनदा निखळला. वाटीचा कल ५४ अंश आहे, असं दुसरे डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन नोटमध्ये नेव्हिगेशनचा उल्लेखच नाही. निष्काळजीपणाचा दावा करता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या वेगळ्या करा.

पहिली कोनाची. वाटीचा कल ३० ते ५० अंशांत असावा, हा निकष १९७८ पासून रूढ आहे. पण त्या मर्यादेत बसवलेले सांधेही निखळतात. त्यातून दुसऱ्या ऑपरेशनला हाड झिजलेलं आणि स्नायू सैल असतात. त्यामुळे नुसत्या ५४ या आकड्यावर निष्काळजीपणा सिद्ध होणार नाही. साधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, ही कसोटी सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात पक्की केली. हाताने वाटी बसवणं ही आजही मान्य पद्धत आहे. इथे दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत लागेल. तोंडी बोलण्याचा उपयोग नाही.

दुसरी तक्रार मला जास्त भक्कम वाटते. पैसे घेतले आणि सेवा दिलीच नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतील त्रुटी ठरते. कदाचित हाडावरच्या खुणा यंत्राला नीट नोंदवता आल्या नसतील आणि सर्जनने हाताने काम पूर्ण केलं असेल. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय योग्यही असू शकतो. पण मग तसं नोटमध्ये लिहायला हवं होतं, तुम्हाला सांगायला हवं होतं आणि पैसे परत करायला हवे होते.

म्हणून आजच आईच्या सहीचं अधिकारपत्र जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑपरेशन नोट, संमतिपत्र, इम्प्लांटचे स्टिकर, एक्स-रे आणि यंत्रातला नेव्हिगेशन अहवाल मागा. यंत्र खरोखर वापरलं असेल, तर कोनांची नोंद सहसा त्यात राहते. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. तक्रारदार आईच असतील.

मधल्या काळात हॉस्पिटलने नेव्हिगेशनचे पैसे परत देऊ केले तर जरूर घ्या, पण ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या पावतीवर आईची सही होऊ देऊ नका.