त्याला खेळात कोणी घेत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय : "मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. क्रिकेट चालू दिसलं की धावत जातो नि बॅटच ओढतो. नाही दिली तर मारतो, दगड उचलतो. आता गल्लीतले पोट्टे त्याला घेतच नाहीत. शाळेत सर वेगळं बसवतात. सासरे म्हणतात, दोन रट्टे द्या. त्याला बाहेर पाठवणं बंद करू का?"

ताई, बंद करू नका. घरात चार दिवस शांतता मिळेल, पण त्याला जे जमत नाही ते घरात बसून जमणार कसं? रट्ट्यांचं सासऱ्यांना सांगा, मारायला तो आधीच शिकलाय.

बॅट ओढतो म्हणजे त्याला खेळायचंय. चालू खेळात शिरायचं कसं, ते कळत नाही. ते अंगणात शिकवा. तुम्ही खेळणारी पोरं व्हा. त्यानं आधी थांबून बघायचं, डाव संपला की विचारायचं, "मी फिल्डिंगला उभा राहू का?" कधी तुम्ही "नाही" म्हणा. तेव्हा काय करायचं, तेही ठरलेलं असू द्या : पाणी पिऊन यायचं, मग पुन्हा विचारायचं. दहा-वीसदा करावं लागेल, कंटाळा येईल.

गल्लीभर पोरांत लगेच सोडू नका. तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण, जवळ आलाय. शेजारच्या एकाच शांत पोराला बोलवा, दोघांना मिळून लाकडी नंदी सजवू द्या. अर्धा तास पुरे. कुरबुर सुरू व्हायच्या आत चिवडा देऊन पाहुण्याला घरी पाठवा, म्हणजे तो पुन्हा येईल.

सरांशी भांडू नका. वेगळं बसवण्याऐवजी कोणाच्या तरी जोडीनं वह्या वाटायचं काम द्या म्हणावं. मारत असतील तर मात्र स्पष्ट सांगा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे.

हे कधीपासून सुरू झालं, ते तुम्ही लिहिलं नाही. अचानक झालं असेल, झोप उडाली असेल, स्वतःलाही मारून घेत असेल, तर थांबू नका. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासणीला येतात, त्यांनाही सांगून ठेवा.

आणि हो, त्याचे बाबा पत्रात कुठंच दिसले नाहीत. नंदीची चाकं त्यांना बसवायला सांगा.