हरिपाठ तोंडात येईना तेव्हा

देवाचे इतके केले तरी मन असे खचले, म्हणजे माझी श्रद्धाच खोटी होती का, हा प्रश्न सश्रद्ध माणसे मला वारंवार विचारतात. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर धाराशिव जिल्ह्यातील एक पन्नाशीचे माळकरी शेतकरी हाच प्रश्न घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले होतेच, शिवाय नदीकाठची जमीन खरडून गेली होती. पीक गेले तर माणूस पुढच्या हंगामाकडे डोळे लावून बसतो; मातीच गेली तर कशाकडे पाहायचे, हे शेतीबाहेरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

त्यांना पत्नीने आणले होते. महिनाभर ते हरिपाठाला बसत नाहीत, एवढीच तिची तक्रार होती. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, नाव घ्यायला गेलं की राग येतो. देवावर राग धरला तर पाप लागंल, म्हणून बसतच नाही."

श्रद्धेविषयी बोलण्याआधी मी झोप, भूक आणि मरणाचे विचार यांविषयी स्पष्ट विचारले. पहाटे तीनला जाग येत होती, जेवण एक वेळेवर आले होते आणि आपण नसलेलेच बरे, असे दोनदा मनात येऊन गेले होते. त्यांच्या संमतीने हे पत्नीला सांगितले, फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवायला लावली, रात्री-अपरात्री लागला तर असावा म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून दिला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळी घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे, अशी त्यांची शंका होती. रक्तदाबाची गोळी ते सहा वर्षे तुळशीला पाणी घालून झाल्यावर घेत होते, याची मी आठवण करून दिली, तेव्हा ते पहिल्यांदा किंचित हसले. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हेही सांगून ठेवले, कारण आठवडाभरात गोळ्या सोडणारे फार.

रागाचे मात्र सावकाश बोलावे लागले. नातेवाईक त्यांना "देव परीक्षा घेतोय" असे सांगत होते. हे वाक्य मला आवडत नाही, कारण खचलेल्या माणसाला त्यातून आपण नापास झालो, एवढेच ऐकू येते. मी गंगाखेडच्या जनाबाईंचा विषय काढला. त्यांनी विठ्ठलाला चक्क शिव्या घातल्या आणि वारकऱ्यांनी ते अभंग टाकले नाहीत, जपले. हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होते. ती मुभा आपल्यालाही आहे, हे मात्र कधी वाटले नव्हते. हरिपाठ जमत नसेल तर दिवेलागणीला पत्नीसोबत देवासमोर बसून किती गुंठे गेले, किती कर्ज उरले, ते मोठ्याने सांगायचे, एवढे आम्ही ठरवले.

पहिले काही दिवस त्यांना नुसते रडू आले. सहाव्या आठवड्यात झोप पाचपर्यंत टिकू लागली. हरिपाठ अजून पुरा होत नाही. "दोन अभंग म्हणतो, मग भांडतो," असे ते म्हणाले. गोळ्या चालू आहेत, आणि शेतात तलावातला गाळ टाकायला ट्रॅक्टर मिळाला म्हणून पुढची भेट त्यांनी आठवडाभर पुढे ढकलून घेतली.