मुलगा ११ वर्षांचा आहे, आईकडे नको, माझ्याकडेच राहायचं म्हणतो. कोर्ट त्याचं ऐकेल का?

ऐकेल. मानेलच असं नाही.

'मूल नऊ वर्षांचं झालं की ते म्हणेल तिकडे ताबा' हे फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७(३) मध्ये वयाचा आकडाच नाही. समजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं, एवढंच. पाच वर्षांचा आकडा आहे तो १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातला. त्याखालच्या मुलांचा ताबा सहसा आईकडे. तुमच्या बाबतीत तो लागू नाही.

कोर्ट तपासतं ते ही पसंती आली कुठून. न्यायाधीश मुलाशी बहुधा दालनात एकट्याशी बोलतात, आईवडील आणि वकील बाहेर. जाणकार न्यायाधीश 'कुणाकडे राहायचं?' हे सुरुवातीला विचारतच नाहीत. डबा कोण भरतं, ताप आला तेव्हा रात्री कोण जागलं, आईच्या घरी सुट्टीत काय केलंस, असं बोलणं चालतं. पढवलेलं मूल इथेच उघडं पडतं. अकरा वर्षांचा पोरगा 'मम्मीने मानसिक छळ केला' म्हणाला, की हे शब्द अर्जातले आहेत हे लगेच कळतं. कोर्टाच्या समुपदेशकाला सांगितलेलं वाक्य न्यायाधीशांसमोर जसंच्या तसं आलं, किंवा आईची एकही बरी आठवण निघाली नाही, तरी शंका येतेच.

म्हणून मुलाच्या हातची चिठ्ठी अर्जाला जोडू नका. व्हिडिओ तर नाहीच. काही वकील 'जजसाहेब विरघळतात' म्हणून अजूनही चिठ्ठ्या जोडायला लावतात. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे आणि मी मागे हटणार नाही. विरघळत कुणी नाही. ती कुणाच्या घरात, कुणी समोर बसून लिहून घेतली यावर उलटतपासणी सुरू होते आणि मुलाची खरी इच्छाही तिच्याबरोबर संशयात जाते. लेकराला बापाच्या बाजूचा साक्षीदार केलंत, याची किंमत तेच मोजतं.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजी-आजोबांकडे राहू इच्छिणाऱ्या मुलाचं म्हणणं लक्षात घेतलं आणि खालच्या न्यायालयांनी वडिलांना दिलेला ताबा रद्द केला. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हापासून वडिलांकडे वाढलेली मुलगी आईकडे सोपवली. आईचा सहवासच मिळाला नसेल, तर निवड कशातून करायची?

तेव्हा आधी त्याला आईकडे नियमित मुक्कामी पाठवा, सुट्टीही अर्धी-अर्धी करा. मग दालनात मुलाखत घ्यावी असा स्वतंत्र अर्ज द्या आणि दोन्ही घरांचा समुपदेशकाचा अहवाल मागा. समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं असं धरून चालू नका. ताब्याच्या प्रकरणात तो अहवाल न्यायाधीशांसमोर जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शाळेच्या पालकसभेची हजेरी, डॉक्टरांचे कागद, फीच्या पावत्या लावा. मुलाच्या शब्दाला वजन येतं ते त्यांनी.

मारहाण किंवा लैंगिक त्रासाची शंका असेल तर मुक्कामाचा सल्ला लागू नाही. तिथे त्याच दिवशी वकिलाला गाठा आणि भेटी देखरेखीखाली व्हाव्यात म्हणून तातडीचा अर्ज द्या.