प्रेस शॉपमध्ये जा, पण नजर डायवर ठेव

प्रश्न : मी डिचोलीचा. यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. कुंडईच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय. मित्र म्हणतात, सीएनसी शीक, पत्रे ठोकून काय मिळणार? आईला बोटं जायची भीती वाटते. आजोबा तांब्याची भांडी घडवायचे, ते एकटेच ‘जा’ म्हणतात. काय करू?

उत्तर : मी आजोबांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, नको तो धातू कापून काढतात. प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, तोच धातू सरकवून, ताणून आकाराला आणतात. ताण एका हद्दीपलीकडे गेला की पत्रा पुन्हा सपाट होत नाही. फोर्जिंग (ठोकून घडवणं), रोलिंग (लाटणं), एक्स्ट्रूजन (साच्याच्या भोकातून दाबून काढणं) ही सगळी याच घराण्यातली. मात्र धातू थोडा हट्टी असतो. ९० अंशांत वाकवलेला पत्रा दाब काढताच किंचित उघडतो. हा स्प्रिंगबॅक ओळखून आधीच थोडा जास्त वाकवावा लागतो, आणि किती जास्त हे पत्र्याची जात आणि जाडी बघून ठरतं. आजोबांना विचार, भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालायचे? ठोकून तांबं कडक होतं, तापवलं की मऊ पडतं. तू परीक्षेत लिहिलेलं वर्क हार्डनिंग आणि अनिलिंग ते हेच.

आता अट. वर्षभर नुसती बटणं दाबत राहू नकोस. खरी विद्या डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात आहे. समज, ५० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा डबा पत्र्यातून ओढायचा आहे. त्याला साधारण ११२ मिमी व्यासाची चकती लागते. चकतीचा व्यास पंचाच्या, म्हणजे चकती डायमध्ये ढकलणाऱ्या ठोकळ्याच्या, सव्वादोन पटींच्या आसपास गेला. साध्या स्टीलला पहिल्या ओढीत जेमतेम दुप्पट झेपतं, म्हणून एका ठोक्यात ओढायला गेलास तर तळाशी फाटेल. दोन टप्पे करावे लागतील. शिवाय चकती धरणारा दाब कमी पडला तर कडेला सुरकुत्या, जास्त झाला तर फाट. हे हिशेब डाय बनतात त्या टूल रूममध्ये कळतात, म्हणून सहा महिन्यांनी तरी तिथे पाठवाल का, हे रुजू होण्याआधीच विचार. सीएनसी सुटत नाही, डायचे भाग त्याच मशीनवर बनतात. पुढे डिग्री करायची झाली तर फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहेच.

आईची भीती खोटी नाही, तिला हसू नकोस. जुन्या पिन क्लचच्या प्रेसचा ठोका एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा शॉप फ्लोअर दाखवायला सांग. दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत का, गार्ड जागेवर आहेत की काढून कोपऱ्यात ठेवलेत, डाय बदलताना रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली, सेफ्टी ब्लॉकचा टेकू लावतात का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघ. गार्ड कोपऱ्यात दिसले तर नमस्कार करून परत ये, दुसरा कारखाना शोधू.